संकटकाळी सर्व्हर कसा थांबवावा



“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” हे वाक्य आपल्या खानदेशात आता इतके रुळले आहे की त्याचा रागही येईनासा झाला आहे. सातबारा काढायला जावे, रेशनच्या दुकानात अंगठा लावायला जावे, शाळेत गुरुजी मुलांची माहिती भरत बसलेले पाहावेत. सगळीकडे हेच ऐकू येते. साक्री-पिंपळनेरच्या बाजूला तर लोक एकमेकांना विचारतात, “काय भो, सर्व्हर उना का?” जणू सर्व्हर म्हणजे नवापूरहून यायची एस.टी. आहे आणि ती वाटेत कुठे तरी अडकून पडली आहे!

मुंबई-पुण्याच्या त्या दूरच्या सर्व्हरबद्दल मला आज बोलायचे नाही. त्याला हात लावणे आपल्यापैकी कोणाच्या स्वाधीन नाही. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या अगदी जवळही पुष्कळ सर्व्हर येऊन बसले आहेत, आणि आपल्याला त्यांचा पत्ता नसतो. पतसंस्थेच्या काउंटरमागे, दूध संघाच्या कचेरीत, कापसाच्या गाड्यांचे वजन जिथे नोंदले जाते त्या जिनिंगच्या ऑफिसात, इस्पितळात, महाविद्यालयात, काही शाळांच्या संगणक-खोलीतही एक काळी पेटी घूं घूं करत बसलेली असते. तिला बहुधा पडदा नसतो, कोणी तिच्यासमोर बसत नाही. तिच्यावर फायली ठेवतात, कधी चहाचा पेलाही ठेवतात. ती पेटी म्हणजे सर्व्हर. वीज गेली, खोली तापली, पाणी चढू लागले किंवा धूर दिसला, तर ही पेटी थांबवायची कशी, हा आजचा विषय आहे. गावकऱ्यांनी तो एवढ्यासाठी ऐकावा की त्या पेटीत त्यांचा पैसा आणि त्यांच्या मुलांचे गुण आहेत. आणि शिक्षकांनी एवढ्यासाठी, की गावात ही पेटी कोणाला विचारायची वेळ आली तर लोक गुरुजींनाच विचारतात.

सर्व्हर या शब्दाचा अर्थ वाढपी. पंगतीत बसणारे अनेक, वाढणारा एक. काउंटरवरचे चार संगणक त्याच्याकडे मागतात: अमक्याचे खाते दाखव, तमक्याची पावती नोंद. तो प्रत्येकाच्या पानात वाढतो. साध्या संगणकाला एकच धनी असतो. तो बंद पडला तर एकाचे काम अडते. वाढपी भोवळ येऊन पडला तर सारी पंगत हात आखडून बसते, आणि त्याच्या हातातले भांडे कोणाच्या अंगावर सांडले ते निराळेच.

सांडण्याची ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सर्व्हरला स्मृती दोन तऱ्हेची असते. एक चालू स्मृती, जिला रॅम म्हणतात. ती फार चपळ, पण वीज आहे तोवरच तिला सारे आठवते. दुसरी डिस्क. ती सावकाश लिहिते, पण लिहिलेले वीज गेल्यावरही राहते.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. गाणी सुचत ती जात्यावर, शेतात, चुलीपुढे. आणि राहत ती त्यांच्या तोंडी. मुलगा सोपानदेव आणि घरातले एक नातलग यांनी त्यांतली काही ऐकून कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली उतरवलेल्या गाण्यांचे पुस्तक निघाले. जी कागदावर आली ती आज आपण शाळेत शिकवतो. जी यायची राहिली ती त्यांच्याबरोबर गेली. ती किती होती, कशी होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. चालू स्मृती आणि डिस्क यांच्यातला फरक मला तरी याहून सोप्या रीतीने सांगता येत नाही.

आता असे पाहा. पतसंस्थेत एक शेतकरी कर्जाचा हप्ता भरतो. त्याच्या बचत खात्यातून रक्कम वजा व्हायची, कर्जखात्यात जमा व्हायची. या नोंदी दोन, पण व्यवहार एक. दोन्ही चालू स्मृतीत झाल्या, डिस्कवर उतरायच्या होत्या, आणि तेवढ्यात वीज गेली. पहिली उतरली, दुसरी राहिली! बिचाऱ्याचे पैसे गेले आणि कर्ज होते तसेच.

यंत्र करणाऱ्यांना ही भीती ठाऊक होती, म्हणून त्यांनी आपल्या जुन्या दिवाणजींचाच मार्ग धरला. दिवाणजी काय करीत? व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत टिपीत, आणि मग सवडीने खतावणी करीत. चांगल्या सर्व्हरमधला हिशेबाचा प्रोग्रॅम तसाच आधी रोजकीर्द लिहितो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना तो रोजकीर्द उघडतो, अर्धवट राहिलेला व्यवहार पुरा करतो किंवा खोडून टाकतो. त्यामुळे आपल्या शेतकऱ्याचा हप्ता बहुधा सुखरूप राहतो.

“मग इतकी काळजी कशाला? धाडकन बंद झाला तर होऊ द्या!” असे म्हणणारी मंडळी मला पुष्कळ भेटली आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पुष्कळदा काही बिघडत नाही, आणि हीच यातली फसवी गोष्ट. रोजकीर्द उपयोगी पडते ती डिस्कवर खरोखर उतरलेली असेल तर. कित्येक डिस्का “लिहिले” म्हणून सांगतात आणि मजकूर आपल्या पोटातल्या लहानशा चालू स्मृतीत ठेवून देतात. शिवाय जुन्या तऱ्हेच्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते, आणि तिच्यावरचे वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर, हवेच्या पापुद्र्यावर तरंगत असते. वीज गेली की तबकडीच्या उरलेल्या वेगावरच ते टोक बाजूला घेण्याची सोय केलेली असते. पण लाइट गेली, आली, पुन्हा गेली, असे एका मिनिटात तीनदा झाले तर त्या सोयीची परीक्षाच असते. आणि आपल्याकडे वळिवाच्या वाऱ्यात लाइट कशी जाते, हे मी तुम्हांला सांगायला नको.

थांबणे हे देखील एक काम आहे, हे मोठी यंत्रे चालवणाऱ्यांना चांगले माहीत असते. भुसावळजवळ दीपनगरला विजेचे केंद्र आहे. वाफेवर फिरणारे असे चाक मिनिटाला ३००० फेरे घेते. संकटात वाफ क्षणात तोडता येते, पण चाक काही क्षणात थांबत नाही. कितीतरी वेळ ते आपल्याच वेगात फिरत राहते, आणि तेवढा वेळ त्याच्या बेअरिंगला तेल मिळावेच लागते. म्हणून सगळी वीज गेली तरी चालेल असा एक तेलपंप बॅटरीवर ठेवलेला असतो. पुढे चाक थांबत आले की त्याला कित्येक तास अगदी हळूहळू फिरवीत ठेवावे लागते, नाही तर तापलेला आस स्वतःच्या वजनाने वाकतो. इतक्या प्रचंड यंत्राला थांबताना जो मान मिळतो, त्याच्या शतांश मान काउंटरमागच्या पेटीला मिळाला तरी पुरे.

पेटीला तो मान देण्याचे साधन म्हणजे यू.पी.एस. वीज गेली की हा बॅटरीचा खोका त्याच क्षणी भार उचलतो. लोकांची समजूत अशी की यू.पी.एस. म्हणजे वीज नसताना काम चालू ठेवण्याची सोय. इन्व्हर्टरवर पंखा चालतो तसा सर्व्हर चालेल! साध्या कचेरीतला यू.पी.एस. पाच, दहा, फार तर वीस मिनिटे देतो. ही मिनिटे काम चालू ठेवण्यासाठी नाहीत. ती काम आवरण्यासाठी आहेत. एवढे एक वाक्य जरी श्रोत्यांनी कचेरीत जाऊन सांगितले तरी माझे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

त्यातून आपला मुलूख उन्हाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. नेहमीच्या शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने सांगितलेले असते, आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मे होते. पत्र्याखालच्या खोलीत, जिन्याखाली, झेरॉक्सच्या यंत्राला टेकून ठेवलेल्या बॅटरीवर पाच वर्षांची चिठ्ठी असली तरी तिच्यावर पाच वर्षे विसंबू नये. दिवा हिरवा दिसतो, खोका पींपीं करतो, आणि प्रत्यक्ष लाइट गेल्यावर दीड मिनिटात जीव टाकतो. वर्षातून दोनदा, एखाद्या रविवारी, सारे व्यवहार बंद असताना आणि नोंदींची ताजी प्रत काढून घेतल्यावर, यू.पी.एस.चा मुख्य विजेचा खटका बंद करून घड्याळ लावून बसावे, आणि बॅटरी किती मिनिटे निभावते ते भिंतीवर लिहून ठेवावे. उन्हाळ्यापूर्वी एकदा आणि मृगापूर्वी एकदा.

खरा शत्रू मात्र बॅटरी नव्हे. “येईल हो लाइट आत्ता, दोन मिनिटांत!” ही आपली आशा आहे. काउंटरवर रांग आहे, बाया-माणसे दुरून आलेली आहेत, कारकुनाला वाटते एवढी एक पावती होऊ दे, मग दुसरी, मग तिसरी. भारनियमनाच्या दिवसांत निदान वेळापत्रक तरी असे. अचानक गेलेल्या विजेला वेळापत्रक नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई इथली वीज एकाएकी गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. काही भागांत ती दोन-अडीच तासांत आली, काही भागांत संध्याकाळ उजाडली. दहा वाजून पाच मिनिटांनी हे कोणाला सांगता आले असते? जिथे मुंबईची ही कथा, तिथे पारोळ्या-अमळनेरच्या फीडरने काय हमी द्यावी!

म्हणून थांबवण्याची वेळ संकटात ठरवायची नसते, ती शांतपणी ठरवून ठेवायची असते. बॅटरी वीस मिनिटे निभावते असे मोजून ठेवले असेल, आणि सर्व्हर नीट थांबायला सात मिनिटे लागत असतील, तर लाइट गेल्यावर पाच मिनिटे वाट पाहावी, सहाव्या मिनिटाला आवरायला घ्यावे. त्यानंतर लाइट आली तरी चालेल. पंधरा मिनिटे लोक थांबतील. आपले लोक एस.टी.साठी याहून जास्त थांबतात.

आता आवरायचे कसे? पुन्हा पंगतीकडे चला. पंगत उठवायची वेळ आली तर आपण आधी चूल विझवतो का? नाही. आधी नवी माणसे बसवणे थांबवतो. मग बसलेल्यांचे पान पुरे होऊ देतो. मग वाढपी भांडी ठेवतो, कोठीघराला कुलूप लागते, आणि चूल शेवटी. सर्व्हरचे हुबेहूब असेच आहे. पहिल्यांदा काउंटरवर मोठ्याने सांगावे, “नवी नोंद घेऊ नका, हातातली पुरी करा, बाहेर पडा.” सगळे बाहेर पडले की नोंदी घेणारा प्रोग्रॅम थांबवावा. त्यामागून ज्यात सगळ्या नोंदी साठतात तो डेटाबेस. त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण रोजकीर्दीवरून खतावणी तो याच वेळी पुरी करतो. त्याने “झाले” म्हणेपर्यंत धीर धरावा. मग पेटी. आजकाल एका मोठ्या पेटीच्या पोटात चार-पाच सर्व्हर नांदत असतात. तसे असेल तर पोटातले आधी, पेटी मागाहून. डिस्कांची वेगळी पेटी असेल तर ती त्याच्याही मागून. तारा जोडणारा स्विच त्यानंतर, कारण त्याच्यावाचून इतरांना निरोपच पोहोचत नाही. यू.पी.एस. सर्वांत शेवटी.

पेटीच्या तोंडाशी एक बटन असते. त्याविषयी एक गैरसमज फार आहे. ते क्षणभर दाबून सोडले तर बहुतेक यंत्रे “आवरते घ्या” असा निरोप समजतात आणि रीतसर थांबतात. तेच बटन चार-पाच सेकंद दाबून धरले तर यंत्राचा गळाच दाबला जातो; प्लग ओढल्यासारखेच ते. घाईत माणूस नेमके दाबून धरतो.

बरे, हे सगळे करायला माणूस जागेवर हवा. पण संकट कचेरीची वेळ पाहून येत नाही. २०२१ सालच्या ऑगस्ट अखेरीस, ३० तारखेच्या रात्री चाळीसगावच्या बाजूला असा पाऊस झाला की तितूर आणि डोंगरी या नद्या गावात शिरल्या, कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या, आणि ३१ ची सकाळ उजाडली तेव्हा बाजारपेठेत पाणी होते. अशा रात्री कोण कचेरीत जाऊन सर्व्हर आवरणार? आणि जाऊ पाहील त्याला जाऊही देऊ नये. यासाठी दोन गोष्टी आधीच करून ठेवायच्या असतात. यू.पी.एस.पासून सर्व्हरपर्यंत एक बारीक तार जोडता येते. वीज गेल्याची आणि बॅटरी किती उरली याची खबर त्या तारेतून सर्व्हरला मिळते, आणि ठरवून दिलेल्या वेळी तो आपला आपण आवरून निजतो. ही तार पुष्कळदा यू.पी.एस.च्या खोक्यातच, प्लास्टिकच्या पिशवीत, जशीच्या तशी पडलेली सापडते. दुसरी गोष्ट म्हणजे जागा. तळमजल्यावर, फरशीवर, नदीकडच्या खोलीत सर्व्हर ठेवू नये. वरचा मजला नसेल तर निदान कमरेइतक्या उंचीवर, भिंतीच्या मजबूत घोडीवर ठेवावा.

संध्याकाळीच पाण्याचा इशारा असेल, धरणाचे दरवाजे उघडल्याची दवंडी असेल, तर त्या रात्री सर्व्हर चालू ठेवण्यात काही पराक्रम नाही. कचेरी बंद करतानाच तो रीतसर थांबवावा, यू.पी.एस. बंद करावा, प्लग काढावेत. पाणी खोलीत आलेच तर आत पाऊल टाकू नये. बाहेरचा मुख्य खटका बंद केला तरी यू.पी.एस.च्या बॅटरीत वीज जिवंत असते, ही गोष्ट विसरली जाते. आगीच्या वेळी बंबवाल्यांना ही एक गोष्ट दारातच सांगायला हवी: “आत बॅटरी आहे.”

आग किंवा धूर असेल तर वरची सारी क्रमवारी बाजूला ठेवावी. तिथे एकच क्रम: माणसे बाहेर, जमले तर बाहेरचा मुख्य खटका बंद, आणि बंबाला फोन. विजेच्या यंत्रावर पाणी ओतू नये. आग अगदी लहान असेल, दार पाठीशी मोकळे असेल, तरच कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हाती घ्यावा. नोंदी परत मिळवण्याचे मार्ग आहेत, त्या आणायला आगीत शिरलेला कारकून परत मिळवण्याचा मार्ग नाही.

उन्हाचे संकट याहून वेगळे. ते गाजावाजा न करता येते. लाइट गेली, यू.पी.एस.ने सर्व्हर तोलून धरला, जनरेटरही लागला. पण खोली थंड ठेवणारा ए.सी. या दोहोंपैकी कोणावरच जोडलेला नाही. बंद खोलीत घूं घूं करणारी पेटी स्वतःची उष्णता स्वतःच पिऊ लागते. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांच्या वर गेला. आपल्याला हसू येईल. एप्रिलमध्ये रावेरच्या केळीबागेत तेवढे असतेच! पण त्यांची यंत्रे त्या हिशेबाने बसवलेली नव्हती. लंडनच्या गायज आणि सेंट थॉमस या मोठ्या इस्पितळांची संगणक-केंद्रे उन्हाने बंद पडली आणि डॉक्टरांना कित्येक आठवडे कागद-पेन्सिलीवर काम करावे लागले. त्याच दिवशी, त्याच शहरात, गूगलच्या एका केंद्रातही थंडाव्याची व्यवस्था बिघडली. तिथल्या मंडळींनी आपली काही यंत्रे स्वतः होऊन बंद केली, कारण चालू ठेवली असती तर ती कायमची गेली असती. ऊन तेच, शहर तेच.

दुसरे उदाहरण ताजे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात, डेजॉन शहरातल्या सरकारी माहिती-केंद्रात बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. सहाशेंहून अधिक सरकारी सेवा बंद झाल्या. पण यांतल्या बहुतेक जळालेल्या नव्हत्या. थंडाव्याची सोय गेल्यावर उरलेली यंत्रे तापून निकामी होऊ नयेत म्हणून ती मुद्दाम थांबवली होती. टपाल, ओळखपत्रे, सारे अडले, लोक चिडले. मी म्हणतो, थांबवणाऱ्यांनी योग्य केले. वाईट झाले ते दुसरेच: सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचा एक मोठा साठा असा होता की त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवलेलीच नव्हती. तो कायमचा गेला. एवढा पुढारलेला देश!

तेव्हा नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक गावाबाहेर असावी. चोपड्याच्या संस्थेची एक प्रत धुळ्याला असेल तर तापीच्या पुराला ती एकदम सापडणार नाही. आणि प्रत काढली एवढ्यावर समाधान मानू नये. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी नोंद उघडून पाहावी. न उघडणारी प्रत म्हणजे बियाण्याच्या पोत्यात भरलेला भुसा.

आता हुकूम कोणाचा, हा प्रश्न. पांझरेच्या काठावर बंधाऱ्यांच्या पाण्याची फड पद्धत शतकानुशतके चालत आली. त्यात पाणी सोडण्या-बंद करण्याचे काम नेमलेल्या पाटकऱ्याचे. शेत माझे म्हणून मी पाटाला हात लावीन, असे तिथे चालत नसे. सर्व्हरलाही असा पाटकरी नेमलेला असावा, आणि तो रजेवर असेल तेव्हा दुसरा. चेअरमन नाशिकला गेलेत, मॅनेजर लग्नाला गेलेत, फोन लागत नाही, आणि कारकून बॅटरीच्या पींपींकडे पाहत हात चोळत बसला आहे, असे होऊ नये. बॅटरी अमुक इतकी उतरली, खोलीतला पारा अमुक अंशांवर गेला, की कोणालाही न विचारता थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी दिलेला असावा. थांबवल्याबद्दल मागाहून कोणी त्याला बोल लावला, तर पुढच्या वेळी तो थांबवणार नाही, हे संचालक मंडळींनी ध्यानात घ्यावे.

आणि कृतीचा कागद भिंतीवर असावा. मराठीत, ठळक अक्षरांत, बॅटरीच्या उजेडात वाचता येईल असा. आधी काय, मग काय. कोणता खटका कुठे. कोणाला फोन करायचा. काही ठिकाणी ही सारी कृती मोठ्या हौसेने टाइप करून सर्व्हरमध्येच ठेवलेली असते! दुष्काळात विहिरीची किल्ली विहिरीत टाकावी तसे ते झाले. परवलीचा शब्द मात्र भिंतीवर नको. तो सीलबंद लखोट्यात, तिजोरीत.

शिक्षक बंधू-भगिनींसाठी एक खेळ सुचवतो. चार मुलांना गिऱ्हाईक करावे, एकाला सर्व्हर. गिऱ्हाइकांनी भराभर सांगावे, “माझे पंचवीस जमा, माझे दहा वजा.” सर्व्हरने ते पाटीवर मांडावे आणि मग वहीत उतरवावे. मध्येच गुरुजींनी घंटा द्यावी. घंटा झाली की पाटी पुसायची. वहीत काय राहिले ते सगळ्यांनी मोजावे. दुसऱ्या डावात पुसण्याच्या घंटेआधी एक मिनिट हलकी घंटा द्यावी. ती ऐकताच गिऱ्हाइकांनी बोलणे थांबवायचे आणि सर्व्हरने पाटीवरचे वहीत उतरवायचे. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की पाचवीच्या मुलालाही यू.पी.एस. कळतो. याला लाइट लागत नाही, संगणकही लागत नाही.

राहता राहिले पुन्हा सुरू करणे. लाइट आली की सगळे आनंदाने एकदम खटके दाबतात. तसे करू नये. आलेली वीज पंधरा मिनिटे टिकते का पाहावे, कारण पहिल्या काही मिनिटांत तिचा दाब वर-खाली होतो. मग उलट्या क्रमाने जावे: यू.पी.एस., ए.सी., तारांचा स्विच, डिस्कांची पेटी, सर्व्हर, त्यावरचा डेटाबेस, आणि शेवटी नोंदींचा प्रोग्रॅम. पाण्यात भिजलेली पेटी मात्र वरून कोरडी दिसली तरी सुरू करून पाहू नये. ती जाणकाराकडे जशीच्या तशी द्यावी. लाइट किती वाजता गेली, सर्व्हर किती वाजता थांबवला, किती वाजता उठवला, हे वहीत टिपावे. मग वीज जाण्याआधी दिलेली शेवटची पावती काढावी, तिच्यावरची रक्कम यंत्रातल्या नोंदीशी ताडून पाहावी, आणि जुळली म्हणजे रांगेतल्या पहिल्या माणसाला पुढे बोलवावे.